दुपारचा रवंथ

बानाबाईंची आणि माझी ओळख पाण्याच्या दिवशी झाली. मुकुंदवाडीत आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं, आणि त्या दिवशी सगळी गल्ली आपापल्या ड्रमपाशी पाइप धरून उभी असते. मी शाळेत शिकवतो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. खाली बिभीषण, त्याची बायको शालू, मुलगी सृष्टी आणि बिभीषणची आई बानाबाई. पाण्याला उशीर झाला की बानाबाई पायरीवर बसत आणि बोलायला लागत. इथं जे सांगतोय त्यातलं बरंचसं त्या पायरीवर ऐकलेलं आहे. उरलेलं सृष्टीनं सांगितलं.

बानाबाईंचं वय सदुसष्ट की सत्तर, त्यांनाही नक्की ठाऊक नाही. माहेर आणि सासर दोन्ही लासूर स्टेशनच्या आसपासचं, दोन्हीकडं मेंढरं. लग्न झालं तेव्हा मुंजाबाकडं, म्हणजे त्यांच्या नवऱ्याकडं, पन्नास-साठ मेंढरं होती, पुढं ती दोनशेच्या वर गेली. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोडीवर लादायचं आणि निघायचं. कुणाच्या कपाशीत, कुणाच्या रिकाम्या रानात मेंढरं खतासाठी बसवायची, चार दिवसांनी पुढचं शिवार. पावसाळ्याच्या तोंडावर गावाकडं परत. बिभीषण असाच वैजापूरकडं एका कडुलिंबाखाली जन्मला. तिसऱ्या दिवशी बिऱ्हाड हललं, तेव्हा बानाबाई त्याला पाठीशी बांधून चालत होत्या.

बिभीषणला मेंढरं नको होती. तो शिकला, शेंद्र्याच्या कारखान्यात लागला, मुकुंदवाडीत दोन खोल्या बांधल्या, मग वर आणखी दोन. मुंजाबा मात्र शेवटपर्यंत रानात होता. सात वर्षांपूर्वी एका सकाळी छातीत दुखतंय म्हणाला आणि तासाभरात गेला. बानाबाईंचे गुडघे तोवर कामातून गेलेले. मुंजाबाचा पुतण्या सांडू मेंढरं घेऊन गेला आणि बिभीषण आईला घेऊन शहरात आला. त्यांनी बरोबर आणलं ते एक घोंगडं आणि काठी. त्या काठीनं शालू आता वरच्या दोरीवरचे कपडे काढते.

"मला कशाची कमी नाय, मास्तर," त्या म्हणायच्या. "सून चांगली हाय. पोरगं वरडत नाय. पंखा हाय, पलंग हाय. फक्त झोप तेवढी नाय."

रात्री पडायचं आणि छताकडं बघायचं. दुपारी जेवून पडायचं आणि तेच. बिभीषण त्यांना सिडकोतल्या एका डॉक्टरकडं घेऊन गेला. त्यांनी गोळी दिली. गोळीनं झोप यायची, पण सकाळी डोकं दगडासारखं व्हायचं. पंधरा दिवसांनी बानाबाईंनी गोळ्या बंद केल्या. "झोप येती, पण ती माझी नाय, गोळीची येती," असं त्यांनी मुलाला सांगितलं.

सृष्टी तेव्हा दुसऱ्यांदा नीटच्या परीक्षेची तयारी करत होती. पहिल्या खेपेला मार्क कमी पडले होते आणि त्याचा तिनं धसका घेतला होता. क्लासच्या चाचणीच्या आदल्या दिवशी तिला जेवण जायचं नाही. अशा वेळी ती कानात इअरफोन घालून भिंतीकडं तोंड करून पडायची. शालू घरी ब्लाऊज शिवते. मशीन चालवता चालवता ती ओरडायची, "अभ्यास सोडून लोकांचं खाणं बघती ही पोरगी. कुणी काकडी खातंय, कुणी पापड खातंय. काय मिळतं त्यातून?"

एका दुपारी शालू अस्तराचं कापड आणायला गुलमंडीला गेली होती. मशीन बंद, घर शांत. सृष्टी तशीच पडलेली. बानाबाई पलंगावरून तिच्याकडं बघत होत्या.

"काय ऐकतीस गं?"

"काही नाही आज्जी."

"गाणं हाय का?"

"गाणं नाही. एक बाई जेवते, तिच्या जेवणाचा आवाज आहे."

बानाबाईंनी जरा विचार केला. "कोन बाई?"

"कोरियाची."

"मंग तू कामून ऐकतीस?"

सृष्टी उठून बसली. "बरं वाटतं गं. डोक्यात गोंधळ असतो ना, तो कमी होतो. लई लोक ऐकतात. झोप लागावी म्हणून ऐकतात."

झोपेचं नाव काढल्यावर बानाबाईंनी हात पुढं केला. सृष्टीनं एक इअरफोन त्यांच्या कानात बसवला. त्या बाईचं शेवया खाणं चाललं होतं, सुर्र सुर्र. बानाबाईंनी तोंड वाकडं केलं आणि इअरफोन काढून हातात दिला. "ताटात तोंड घालून खाती का काय ही? कुणी काय शिकवलं नाय वाटतं हिला."

सृष्टी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, असं बानाबाईंनी मला मुद्दाम सांगितलं. मग तिनं दुसरा व्हिडिओ लावला. त्यात कुणाचा चेहरा नव्हता, बोलणं नव्हतं, नुसतं कुणीतरी कोरडा टोस्ट आणि काकडी सावकाश चावत होतं. बानाबाई बघत नव्हत्याच. त्यांनी डोळे मिटले आणि त्या हलेनाशा झाल्या. सृष्टीला वाटलं, लागला डोळा. एवढ्यात त्या म्हणाल्या, "मेंढरं बसली की असंच."

"कसं?"

"दुपारी पाणी पिऊन आली की झाडाखाली बसत्यात. घडीभर काय नाय. मंग एक सुरू करती, मंग दुसरी. पोटातनं घास वर येतो, त्यो चावायचा, चावायचा, गिळायचा. परत दुसरा वर. दोनशे तोंडं चालू ऱ्हातात. लांबून ऐकलं तर नुसतं कर्र कर्र, जसं कुनी वाळक्या पाल्यावरनं चालतंय. मी त्यातच पडायची. लहान व्हती तवापास्नं." त्यांनी डोळे उघडले. "मला वाटायचं झोप वयानं गेली. वयानं नाय गेली बाई. आवाज गेला."

सृष्टीनं तिथल्या तिथं मोबाइलवर मेंढ्यांच्या रवंथाचे व्हिडिओ शोधले. होते दोन-चार, परदेशातले. एकात कुठल्याशा हिरव्यागार कुरणातली एक गुबगुबीत मेंढी होती आणि मागं पियानो वाजत होता. बानाबाईंनी तो निमूट ऐकला. "ही एकलीच हाय," त्या म्हणाल्या. "आन् हिची उजवीकडची दाढ दुखती. डाव्या बाजूनंच चावती." मग जरा वेळानं, "आपल्या मेंढरांचं नाय का त्याच्यात?"

"नाही."

"मंग आपण आणू."

संध्याकाळी जेवताना सृष्टीनं विषय काढला. शालूनं आधी मुलीकडं बघितलं, मग सासूकडं. "आत्याबाई, हिचं एक ठीक आहे. तुम्ही पण?" बिभीषण मान खाली घालून जेवत होता.

"मेंढरं कुठं हायत ते तरी कुणाला ठाऊक," बानाबाईच म्हणाल्या. "सांडू कुठं फिरत असंल."

"फर्दापूरला हाय," बिभीषण म्हणाला. "कपाशी वेचून झालेली हाय एकाची, तिथं बसवल्यात. अजून आठ दिवस तिथंच."

"तुला काय ठाऊक?"

"फोन करतो कधीमधी."

"कशाला?"

बिभीषणनं भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "असंच. कुठवर गेल्यात, पाणी कसं हाय, ते विचारतो." मेंढरं नकोत म्हणून बापाशी भांडून शहरात आलेला हा माणूस. सात वर्षं तो सांडूला विचारत होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आजी आणि नात एसटीत बसल्या. सिल्लोड गेलं, अजिंठ्याचा घाट उतरला आणि फर्दापूरच्या फाट्यावर सांडू मोटारसायकल घेऊन उभा होता. त्यानं काकीच्या पायांना हात लावला, दोघींना मागं बसवलं आणि कच्च्या रस्त्यानं रानात नेलं. तिथं त्याची बायको लक्ष्मीबाई तीन दगडांच्या चुलीपाशी होती. मेंढरं पलीकडं कपाशीचा पाला ओरबाडत होती.

बानाबाई रानाच्या काठावर उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "माझ्यातल्या किती ऱ्हायल्या?"

सांडूनं डोक्यावरचं मुंडासं काढून पुन्हा बांधलं. "काकी, सात वर्षं झाली. एक बी नाय. नाती-पणती असत्याल त्यांच्या."

"व्हय. असत्याल," बानाबाई म्हणाल्या. पण त्या एकेका मेंढीच्या तोंडाकडं बघत पुढं गेल्या. कुणाच्या कानावर पांढरा ठिपका दिसला की थांबायच्या. एकीनंही मान वर केली नाही. त्यांच्या लेखी ही एक परकी म्हातारी होती. सृष्टी मला म्हणाली, "तेव्हा मला वाटलं, उगाच आणलं आज्जीला."

साडेबारा-एकच्या सुमारास मेंढरं ओढ्यावर पाणी पिऊन आली आणि बांधावरच्या लिंबांखाली बसली. सृष्टीनं मोबाइल काढला. बानाबाईंनी तिला शिकवलं. वारा येतो तिकडं पाठ करून बस. उभी राहू नको, उभ्या माणसाकडं त्या बघत राहतात. हात हलवू नको. आणि वाट बघ.

त्या वाट बघत बसल्या. एका मेंढीच्या गळ्यात खालून वर काहीतरी सरकलं आणि तिचा जबडा चालू झाला. मग शेजारची. पाच-सात मिनिटांत सगळ्या लिंबांखाली तो आवाज पसरला. सृष्टी म्हणाली, तिनं इतके महिने कानात जे ऐकलं होतं ते एका तोंडाचं असायचं. हे चहूबाजूंनी येत होतं. मध्येच एखादी शिंकायची, एखादं कोकरू आईला ढुशी द्यायचं, आणि पुन्हा ते चालूच. तिच्या शेजारी बानाबाई मांडी घालून, डोळे मिटून बसल्या होत्या.

दहा मिनिटं झाली असतील. बानाबाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी डोळे न उघडता मान डावीकडं वळवली, मग बसल्या बसल्या हातभर सरकल्या, आणखी हातभर. मग डोळे उघडले. समोर एक काळ्या तोंडाची मेंढी बसली होती. कान पडलेले, जबडा बंद.

"सांडू," त्यांनी हाक मारली, फार मोठ्यानं नाही. "हिचा रवंथ बंद हाय. सकाळी काय खाल्लं हिनं?"

सांडू आला, त्यानं मेंढीच्या डाव्या कुशीवर हात ठेवला आणि त्याचा चेहरा उतरला. कूस नगाऱ्यासारखी ताठ झाली होती. सकाळी दोन-तीन मेंढ्या शेजारच्या लसूणघासाच्या हिरव्या चाऱ्यात घुसल्या होत्या, दवानं ओल्या घासात. बाकीच्यांना त्यानं लगेच हाकललं होतं. ही जास्त खाऊन बसली होती. पोट एवढं फुगलं की मेंढी तास-दोन तासांत जाते, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला तर ते सोयगावकडं गेलेले.

"उठीव तिला," बानाबाई म्हणाल्या. "पुढचे पाय बांधावर घे. लक्ष्मी, गोडं तेल आन, हिंग टाकून. आन् एक लिंबाची काडी दे, बोटाएवढी."

ती काडी त्यांनी मेंढीच्या तोंडात आडवी घातली आणि दोरीनं कानामागं बांधली, म्हणजे ती चावत राहील आणि वारा तोंडावाटे बाहेर येईल. तेल थोडं थोडं पाजलं. मग गुडघे टेकून डावी कूस चोळायला लागल्या, खालून वर. ज्या गुडघ्यांनी त्यांना घरात पायरी चढवत नाही, त्या गुडघ्यांवर त्या अर्धा तास होत्या. सृष्टी म्हणाली, आज्जी मेंढीशी बोलत होती, पण शब्द कळत नव्हते. शेवटी मेंढीनं मान लांब केली आणि ढेकर दिला. मग दुसरा. कूस हळूहळू मऊ पडली.

काडी काढली. मेंढी बसली. सगळे तिच्याकडं बघत होते. तीही बघत होती, कुठं ते कळत नव्हतं. बऱ्याच वेळानं तिच्या गळ्यात काहीतरी वर सरकलं आणि जबडा हलायला लागला.

"आता तुझी मशीन लाव," बानाबाई सृष्टीला म्हणाल्या.

लक्ष्मीबाईनं घोंगडं अंथरलं. जरा पाठ टेकते म्हणून बानाबाई त्यावर आडव्या झाल्या आणि झोपल्या. गाढ, तोंड थोडं उघडं ठेवून. तीनची एसटी गेली. सृष्टीनं उठवलं नाही. मेंढरं उठून चरायला गेली तेव्हाच बानाबाई जाग्या झाल्या, आणि उठल्यावर त्यांना क्षणभर आपण कुठं आहोत ते कळलं नाही. त्यांनी लक्ष्मीबाईला विचारलं, "ह्ये कुठं गेले?" मग त्यांचं त्यांनाच कळलं, आणि त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

घरी आल्यावर सृष्टीनं मोबाइलवरचं ऐकून बघितलं. पन्नास मिनिटांचा आवाज होता. मध्ये एकदा वारा घुसला होता, दोनदा लांबून ट्रक. आणि तिसाव्या मिनिटाच्या आसपास आणखी एक आवाज होता. मेंढी वाचल्यावर सांडू जेवायला बसला होता. त्यानं मुठीनं कांदा फोडला होता आणि भाकरीबरोबर तो खात होता, कचाकचा, अगदी निवांत. सृष्टीला तो खटकला.

"आज्जी, हे सांडूकाकांचं जेवण मध्ये आलंय. एवढं कापून टाकते."

बानाबाईंनी ऐकलं. मग पुन्हा लावायला सांगितलं. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तुझा आजा असाच खायाचा. झाडाला पाठ लावून. मी म्हणायची, हळू खा, मेंढरं बिचकतील. ते म्हणायचे, मेंढरांना सवय हाय, तुलाच नाय." सात वर्षांत त्यांनी नातीजवळ आजोबांचं नाव काढलं नव्हतं. त्या दिवशी त्या बोलत राहिल्या. लग्नानंतर पहिल्याच मुक्कामात मुंजाबानं घोडीवरून पातेलं पाडलं, ते फुटक्या काठाचं पातेलं अजून सांडूकडं आहे, इथपर्यंत.

दुपारी जेवण झालं की त्या इअरफोन घालून पडायला लागल्या. शालू तेवढा वेळ मशीन बंद ठेवायची, तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या पाण्याच्या दिवशी मी विचारलं, झोप लागते का. बानाबाईंनी खरं ते सांगितलं. "कवा लागती, कवा नाय. आवाज त्योच हाय, मास्तर. पण ह्यो कानात येतो. तिथं त्यो कानात नव्हता, अंगाला असायचा. मेंढराची ऊब असती, वास असतो. त्ये कसं येनार फोनमंदी." मग म्हणाल्या, "तरी बरं हाय. काय गेलं ते तरी कळलं."

सृष्टीनं तो आवाज तसाच, कांद्यासकट, इंटरनेटवर टाकला. फार लोकांनी ऐकला असं नाही. चाकणच्या एका कंपनीत काम करणाऱ्या कुणीतरी खाली लिहिलं होतं, "आमच्या बापाची मेंढरं होती. दहा वर्षांनी ऐकलं." बानाबाईंनी ते सृष्टीला दोनदा वाचायला लावलं आणि त्या माणसाचं गाव कोणतं ते विचार म्हणाल्या. सृष्टीनं विचारलं. त्यानं उत्तर दिलं नाही.

मार्चमध्ये लक्ष्मीबाईचा फोन आला, काकी चार दिवस राहायला या. बानाबाई गेल्या आणि तिसऱ्या दिवशी परत आल्या. गुडघे सुजले होते. "आता नाय जमत," एवढंच त्या म्हणाल्या आणि गुडघ्याला तेल लावत बसल्या. पुन्हा जायचं त्यांनी नाव काढलं नाही.

मे महिन्यात सृष्टीची परीक्षा झाली. एमबीबीएसला पुरतील एवढे मार्क याही वेळी नव्हते, पण नांदेडला आयुर्वेदाच्या कॉलेजात नंबर लागला. दसऱ्याच्या आसपास बिभीषण तिला होस्टेलवर सोडून आला. त्या दिवसापासून खालचं घर फारच शांत झालं. वर बसून मला शालूच्या मशीनचे टाके मोजता येतील इतकं.

आठ-दहा दिवसांनी दुपारी सृष्टीचा फोन आला. मेसचं जेवण जात नाही, खोलीतल्या दोघी मुली एकमेकींशीच बोलतात, सगळं सांगून झालं. मग विचारलं, "जेवलीस का आज्जी?"

"आता बसतीच हाय."

"मग फोन ठेवू नको. ताटाजवळ ठेव आणि जेव. बोलू नको काही."

बानाबाईंना विचारावं लागलं नाही कशासाठी. त्यांनी फोन तांब्याला टेकवून ठेवला आणि जेवायला लागल्या. त्यांचे दात अजून सगळे शाबूत आहेत. तेव्हापासून दुपारी एकच्या सुमारास, कॉलेज सुटून सृष्टी खोलीवर आली की, हे चालू असतं. शालू आता भाकरी जरा कडक भाजते. बाजारातून मुळा आणते, पातीचा कांदा आणते, कधी हरभऱ्याचे घाटे. बानाबाई पूर्वी भाकरी कालवून खायच्या, आता कोरडी मोडून खातात. तिकडं सृष्टी आपला डबा उघडते आणि जेवते, किंवा नुसती पुस्तक उघडून बसते.

गेल्या आठवड्यात सुट्टी होती म्हणून मी दुपारी घरी होतो. खाली उतरताना दारातून बघितलं तर बानाबाई एकट्याच जेवत होत्या. मुळ्याचा तुकडा तोडायचा, सावकाश चावायचा, गिळायचा, जरा थांबायचं, मग पुढचा. तांब्याला टेकवलेल्या फोनचा पडदा काळा होता.

"आजी, फोन कट झालाय," मी म्हटलं.

त्यांनी घास गिळला. "व्हय? कवाचा?"

"ते सांगता येणार नाही."

त्यांनी फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं. हात खरकटा होता. "लावा बरं, मास्तर."

मी लावला. पहिल्याच रिंगला सृष्टीनं उचलला. "आज्जी, थांबलीस कामून?"

"म्या नाय थांबले," बानाबाई म्हणाल्या आणि ताटातला मुळा उचलला.